आकाशांतील वहिवाट

शेताची हद्द सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आणि मोजणीच्या नकाशावर असते. परंतु बांधावरून गुरें कोणत्या वेळीं न्यावयाचीं, पाटाचें पाणी आधीं कोणाच्या वाफ्यांत सोडावयाचें, शेजाऱ्याची पेरणी चालूं असतां गाडी कोणत्या अंगानें वळवावयाची, हें कोणत्याहि सरकारी कागदावर लिहिलेलें नसतें. तें गांवाच्या वहिवाटीनें ठरतें. आणि वहिवाट मोडली कीं तंटा उभा राहिलाच म्हणून समजावें. हौशी बिनतारीवाल्यांचें जगहि असेंच आहे. त्यांची हद्द कायद्यानें आंखून दिलेली आहे. हद्दीच्या आंतला व्यवहार मात्र बहुतांशीं वहिवाटीवर चालतो. या वहिवाटीला ते 'बँड प्लॅन' म्हणजे पट्ट्याची आंखणी असें म्हणतात, आणि तिच्या जोडीला बोलण्या-ऐकण्याचा एक शिष्टाचार असतो. आजच्या भाषणाचा विषय हाच.

हे हौशी लोक, ज्यांना जगभर 'हॅम' या छोट्या नांवानें ओळखतात, नभोवाणीच्या केंद्रासारखे सर्वांसाठीं कार्यक्रम करीत नाहींत. परीक्षा देऊन सरकारचा परवाना मिळवावयाचा, सरकारनें दिलेलें सांकेतिक नांव धारण करावयाचें (भारतांत तें बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होतें), गच्चीवर तार ताणावयाची, आणि पैशाची कसलीहि अपेक्षा न धरितां आपल्यासारख्याच दुसऱ्या हौशी माणसाशीं संधान बांधावयाचें, असा हा छंद आहे. त्यांत कारकून आहेत, डॉक्टर आहेत, शाळेंतलीं मुलें आहेत. पंतप्रधानपदीं असलेले राजीव गांधी यांच्याजवळहि असा परवाना होता. आकाशांत मात्र यांपैकीं कोणाचाहि हुद्दा ऐकूं येत नाहीं. ऐकूं येतें तें फक्त सांकेतिक नांव आणि बोलण्याची रीत.

जागेचा हिशेब आधीं पाहिला पाहिजे. हौशी लोकांच्या वाट्याला अनेक पट्टे आले आहेत. त्यांपैकीं चाळीस मीटरचा पट्टा भारतांत विशेष गजबजलेला असतो. आंतरराष्ट्रीय करारांत जगाचे तीन विभाग कल्पिले असून भारत तिसऱ्या विभागांत येतो. या विभागांत चाळीस मीटरचा पट्टा ७००० पासून ७२०० किलोहर्ट्झपर्यंत, म्हणजे अवघा दोनशें किलोहर्ट्झ रुंद आहे. माणसाचा आवाज आजच्या पद्धतीनें पाठवावयाचा तर सुमारें तीन किलोहर्ट्झ जागा लागते. सगळ्या पट्ट्यावर फक्त बोलणारेच बसविले तरी साठ-पासष्ट संभाषणांनीं तो भरून जाईल. उलट मोर्सच्या कट्ट-कडकट्टला शें-दोनशें हर्ट्झ पुरतात. २०१७ सालीं प्रचारांत आलेली 'एफ-टी-आठ' ही संगणकाची पद्धति तर एका संदेशाला पन्नास हर्ट्झांवर भागविते. म्हणजे ज्या ओटीवर एक वक्ता पाय पसरून बसतो, त्याच ओटीवर मोर्सवाले दहा-पंधरा आणि संगणकवाले चाळीस-पन्नास दाटीवाटीनें कां होईना, पण मावतात.

आतां हे तिन्ही जण वाटेल तेथें बसूं लागले तर काय होईल? मोर्सच्या बारीक शिटीवर बोलणाऱ्याचा आवाज पडला कीं शिटी बुडाली. बोलणाऱ्याच्या मधोमध शिटी आली कीं बोलणें विटलें. म्हणून वहिवाटीनें असें ठरलें कीं, पट्ट्याच्या खालच्या टोंकाला मोर्सवाल्यांनीं असावें, त्यांच्यावर संगणकाच्या बारीक संदेशांनीं, आणि वरचा ऐसपैस भाग बोलणाऱ्यांनीं घ्यावा. एफ-टी-आठवाले चाळीस मीटरवर ७०७४ आणि वीस मीटरवर १४०७४ किलोहर्ट्झपाशीं जमतात. तेथें एखादा बोलणारा जाऊन बसला तर त्याला स्वतःला फक्त थोडी गुणगुण ऐकूं येते आणि जागा रिकामी आहे असें वाटतें. प्रत्यक्षांत त्यानें पाचपन्नास संभाषणें एका वाक्यानें पुसलेलीं असतात. अमेरिकेसारख्या देशांत ही आंखणी पुष्कळशी कायद्यांतच घातलेली आहे. इतर अनेक देशांत ती केवळ शिफारस आहे. ती मोडणाऱ्याला दंड होत नाहीं, आणि तरीहि ती बव्हंशीं पाळली जाते, ही या छंदांतली सर्वांत नवलाची गोष्ट म्हटली पाहिजे.

ही शिस्त आली कोठून, हें समजावयास थोडें मागें जावें लागतें. १९१२ सालीं अमेरिकेच्या सरकारनें कायदा करून हौशी लोकांना दोनशें मीटरच्या खालीं ढकललें. त्या आंखूड लहरी दूरच्या दळणवळणाला निरुपयोगी आहेत, अशी त्या काळच्या जाणत्यांची समजूत होती. गांवाबाहेरचें खडकाळ रान ज्या भावनेनें कोणाला द्यावें, त्या भावनेनें त्या दिल्या गेल्या. परंतु डिसेंबर १९२१ मध्यें पॉल गॉडली हा अमेरिकन गृहस्थ स्कॉटलंडांत आर्ड्रोसन येथें तंबू ठोकून बसला आणि अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश त्यानें ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्यें फ्रान्समधील नीस येथल्या लेऑन देलॉय यानें अमेरिकेशीं दुतर्फा संभाषण केलें. आणि १८ ऑक्टोबर १९२४ रोजीं तर न्यूझीलंडमधील फ्रँक बेल यांची हांक लंडनच्या मिल हिल शाळेंतल्या सेसिल गॉयडर नांवाच्या विद्यार्थ्यानें घेतली. पृथ्वीच्या एका बाजूचा मेंढपाळ शेतकरी आणि दुसऱ्या बाजूचा शाळकरी मुलगा! खडकाळ रानांत सोनें निघालें.

सोनें निघाल्यावर तेथें मोठे लोक येणारच. सरकारें आलीं, व्यापारी कंपन्या आल्या. १९२५ सालीं पॅरिसमध्यें हौशी संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेंत हौशी पट्ट्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पण पूर्वींचें मोकळें रान कायमचें गेलें. तेव्हांपासून हौशी लोकांना एक गोष्ट नीट उमगली आहे. ज्यांच्याजवळ पैसा नाहीं, फौज नाहीं आणि व्यापार नाहीं, त्यांची जागा त्यांच्या सद्वर्तनावरच टिकते. चाळीस मीटरच्या पट्ट्याचीच हकीकत पाहावी. ७१०० च्या वरचा भाग आशिया, यूरोप आणि आफ्रिका या खंडांत दीर्घकाळ नभोवाणीच्या प्रचंड केंद्रांकडे होता. शेंकडों किलोवॅटच्या त्या गर्जनेपुढें शंभर वॅटच्या हौशी आवाजाचा टिकाव कसा लागावा? अखेर २००३ सालीं जिनीव्हा येथें भरलेल्या परिषदेंत ठराव होऊन २९ मार्च २००९ पासून त्या केंद्रांनीं ७१०० ते ७२०० हा भाग सोडावा असें ठरलें. गेलेली जमीन परत मिळाल्याचें असें उदाहरण बिनतारीच्या इतिहासांत विरळा.

आरंभींच्या काळांत शिस्त लावण्याचा एक गमतीदार मार्गहि होता. अमेरिकन हौशी संघाचे एक संस्थापक हिरम पर्सी मॅक्सिम हे 'म्हातारा' या टोपणनांवानें संघाच्या मासिकांत बेशिस्त बिनतारीवाल्यांवर चरचरीत लेख लिहीत. लेखक कोण, हें गुपित १९३६ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत राखलें गेलें. त्या लेखांतून 'वूफ हाँग' नांवाचें एक भयंकर शस्त्र निघालें. दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलणाऱ्याला म्हणे त्या शस्त्रानें शासन व्हावयाचें. १९१९ सालीं लांकडाचे तुकडे तारेनें बांधलेलें एक वेडेंविद्रें हत्यार खरोखरच संघापुढें आलें, आणि मंडळींनीं तें मोठ्या मानानें जपून ठेवलें. पंतोजींच्या खुंटीवरच्या छडीसारखाच त्याचा उपयोग! पुढें १९२८ मध्यें पॉल सेगल यांनीं हौशी माणसाच्या वर्तनाचीं सहा सूत्रें लिहिलीं. त्यांतलें पहिलें दुसऱ्याच्या सुखाचा विचार करण्याविषयीं आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

शिष्टाचाराचा पाया एकच: आधीं ऐकावें. हें सांगावयास सोपें वाटतें, परंतु बिनतारींत ऐकूनहि माणूस फसतो; आणि तो कसा फसतो, हें समजल्यावांचून या शिष्टाचाराचें मर्म कळत नाहीं. समजा, पुण्याचा एक हौशी गृहस्थ वीस मीटरच्या पट्ट्यावर जर्मनींतल्या मित्राशीं बोलत आहे. त्याच वेळीं कोल्हापूरचा दुसरा गृहस्थ आपला सेट लावून त्याच लहरीवर येतो. त्याला पुण्याचा आवाज ऐकूं येईल काय? बहुधा येणार नाहीं. जमिनीलगत जाणारी लहर तेवढ्या अंतरांत विरून जाते. आणि आकाशांत गेलेली लहर वरच्या विद्युद्भारित थरांवरून परतते ती शेंकडों-हजारों मैलांपलीकडे उतरते. कोल्हापूर या दोहोंच्या मध्यें, मुक्या प्रदेशांत, सांपडतें. जर्मन मित्र त्या घटकेला गप्प राहून पुण्याचें बोलणें ऐकत आहे. म्हणून कोल्हापूरच्या कानीं केवळ शांतता येते. तो समजतो, जागा मोकळी आहे, आणि मोठ्यानें हांक मारतो. जर्मनींत मात्र पुणें आणि कोल्हापूर दोन्ही सारख्याच जोरानें उतरतात आणि दोहोंचा काला होतो.

येथें कोणाचा हेतु वाईट नव्हता. म्हणूनच नुसतें ऐकणें पुरत नाहीं, विचारावेंहि लागतें. बोलणाऱ्यानें आपलें सांकेतिक नांव सांगून 'ही लहर कोणी वापरीत आहे काय?' असें विचारावें, मोर्सवाल्यानें 'क्यू-आर-एल' हीं तीन अक्षरें प्रश्नचिन्हासह पाठवावीं, क्षणभर थांबावें, आणि पुन्हां एकदां विचारावें. दुसऱ्यांदा विचारण्याचें कारण असें कीं, पहिल्या प्रश्नाच्या वेळीं ऐकणारा माणूस स्वतःच्या संभाषणांत गुंतलेला असूं शकतो. 'होय, चालूं आहे' असें उत्तर आलें तर आभार मानून दूर व्हावें. पंचवीस वर्षें मी येथेंच बसत आलों, असला दावा तेथें चालत नाहीं. लहर कोणाच्या मालकीची नसते. जो बसला आहे त्याचें काम होईपर्यंत ती त्याची.

यंत्र जुळवितांना लांबलचक शिट्या मारणें हाहि असाच एक अपराध. त्यासाठीं कृत्रिम भार म्हणून एक उपकरण मिळतें. त्यावर यंत्र जुळवावें, म्हणजे शेजाऱ्याला त्रास होत नाहीं. आवाज मोठा जावा म्हणून मायक्रोफोनची कळ अखेरपर्यंत पिळणारे तर पुष्कळ. त्यानें आवाज दूर जाण्याऐवजीं रुंद होतो, फाटतो, आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या अंगणांत सांडतो. हद्दीजवळ बसणाऱ्यानेंहि हिशेब ठेवावा. वीस मीटरचा पट्टा १४३५० ला संपतो म्हणून तबकडीवर १४३४९ लावून बोलणाऱ्याचा कांटा हद्दीच्या आंत असला, तरी आवाज हद्दीबाहेर जातो. कारण तेथें आवाज कांट्याच्या वरच्या बाजूस सुमारें तीन किलोहर्ट्झ पसरतो.

जत्रेच्या दिवसाची गोष्ट निराळी. एखाद्या निर्जन बेटावर हौशी मंडळी चार दिवसांसाठीं केंद्र उभारतात, तेव्हां त्यांच्याशीं एकदां बोलतां यावें म्हणून जगभरचे हजारों लोक एकाच वेळीं तुटून पडतात. अशा वेळीं तो बेटावरचा माणूस एका लहरीवर बोलतो आणि पांच-दहा किलोहर्ट्झ वर ऐकतो. त्याचा आवाज मोकळा राहावा, म्हणजे कोणाला उत्तर मिळालें हें सर्वांना कळेल, एवढाच यांतला हेतु. ज्यांनीं आधीं दोन मिनिटें ऐकलें त्यांना हें उमगतें. ज्यांनीं ऐकलें नाहीं ते त्याच्याच लहरीवर हांका मारीत सुटतात. मग कांहीं स्वयंसेवक कोतवाल 'वर जा, वर जा' म्हणून तेथेंच ओरडूं लागतात. वर्गांत मुलें कुजबुजत असतां 'गप्प बसा' म्हणून सर्वांत मोठ्यानें ओरडणारा मॉनिटर पुष्कळांनीं पाहिला असेल. कुजबुज मिनिटांत थांबली असती; मॉनिटराला थांबविण्यास मास्तरांनाच उठावें लागतें. बेटावरच्या माणसानें एखाद्याच्या नांवाचीं दोन अक्षरें उच्चारलीं असतां ज्यांच्या नांवांत तीं अक्षरें नाहींत त्यांनीं मौन धरावें, हेंहि सांगावें लागतें, ही दुःखाची गोष्ट.

कांहीं जागा अशाहि आहेत कीं, जेथें कोणीच बोलूं नये. वीस मीटरच्या पट्ट्यावर १४१०० किलोहर्ट्झ ही त्यांतली मुख्य. तेथें जगांतलीं अठरा दीपकेंद्रें आळीपाळीनें दहा-दहा सेकंद बोलतात आणि तीन मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पुरी होते. भारताला सर्वांत जवळचें दीपकेंद्र श्रीलंकेंतलें. प्रत्येक केंद्र आपलें नांव मोर्समध्यें सांगतें आणि मग एकेक सेकंदाच्या चार रेघा ओढतें: पहिली शंभर वॅटची, दुसरी दहाची, तिसरी एका वॅटची आणि चौथी वॅटच्या दहाव्या हिश्श्याची. कोणती रेघ कोठपर्यंत ऐकूं येते यावरून, त्या घटकेला कोणत्या दिशेचा मार्ग खुला आहे हें ऐकणाऱ्याला बसल्या जागीं कळतें. वॅटचा दहावा हिस्सा म्हणजे विजेरींतल्या बारक्या दिव्यापेक्षांहि कमी. पण कधीं कधीं तोहि समुद्र ओलांडून येतो. तेथें कोणी गप्पा मारीत बसला तर किती जणांचा दिवा विझतो, त्याला पत्ताहि नसतो.

तीस मीटरचा पट्टा केवळ पन्नास किलोहर्ट्झांचा, म्हणून तेथें बोलणें टाळावें. आणि तीस, सतरा व बारा मीटरच्या पट्ट्यांवर स्पर्धा भरवूं नयेत, अशीहि वहिवाट आहे. शनिवार-रविवारीं स्पर्धांचा कल्लोळ चालतो, तेव्हां शांतताप्रिय माणसाला जावयास एखादें देऊळ असावें, हा त्यांतला सुज्ञ विचार.

हे सारे नियम केवळ सभ्यतेपुरते आहेत असें कोणास वाटेल. त्याला २६ डिसेंबर २००४ ची सकाळ आठवावी. भारती प्रसाद या भारतीय हौशी बाई त्या महिन्यांत आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथें होत्या. अंदमानांतून हौशी केंद्र कित्येक वर्षांत ऐकूं आलेलें नव्हतें, आणि सारें जग त्यांच्याशीं दोन शब्द बोलण्यास आतुर झालें होतें. त्या सकाळीं धरणी हादरली, समुद्र चढून आला, तारा आणि टेलिफोन बंद पडले. छंदासाठीं उभारलेलें तें केंद्र त्याच क्षणीं बेटांच्या आणि मुख्य भूमीच्या मधला दुवा बनलें. कोण जिवंत आहे, कोणाला काय हवें आहे, याचे निरोप त्यावरून जाऊं लागले.

अशा वेळीं दुर्बळ यंत्र कोणाचें असतें? ज्याची वीज गेली आहे आणि जो बॅटरीवर बोलत आहे, त्याचें. बलवान यंत्रें दूर, सुरक्षित घरांत असतात. त्यांतल्या एकानें 'काय झालें?' म्हणून विचारलें, दुसऱ्यानें 'मी मदत करूं काय?' म्हणून हांक मारली, तिसऱ्यानें त्या दोघांना दटावलें, कीं तेवढ्या अर्ध्या मिनिटांत कोणाच्या तरी माणसाचें नांव बुडालें. तें नांव पुन्हां येईल याची शाश्वति नसते. बॅटरी संपलेली असूं शकते. म्हणून आपत्तीच्या वेळीं एक नियंत्रक केंद्र नेमलेलें असतें, आणि त्यानें विचारल्याखेरीज कोणीं तोंड उघडावयाचें नसतें. भारताच्या विभागांत ७११० आणि साऱ्या जगांत १४३०० किलोहर्ट्झच्या आसपास असें दळणवळण व्हावें अशी शिफारस आहे. एरवींहि त्या जागेवरून जातां-येतां घटकाभर कान द्यावा. १९९३ च्या किल्लारी भूकंपांत आणि २००१ च्या भूज भूकंपांतहि हौशी मंडळी सेट घेऊन धांवली होती. जो रोज ऐकण्याची संवय ठेवतो त्यालाच त्या दिवशीं गप्प राहतां येतें. ऐन वेळीं ही विद्या कोणालाहि शिकवितां येत नाहीं.

गांवांतल्या गांवांत, डोंगरावर बसविलेल्या रिपीटर केंद्रावरून बोलतांना म्हणूनच दोन बोलण्यांच्या मध्यें क्षणभर जागा सोडतात. गप्पा रंगल्या असल्या तरी ती जागा सुटलीच पाहिजे. घाटांत अपघात पाहिलेल्या एखाद्या माणसाला आंत शिरावयास तेवढीच फट असते.

आणखी एक लहानसा दोष सांगण्यासारखा आहे. आवाज कसा येतो, याचे गुण एकमेकांना द्यावयाचे असतात. पांच आणि नऊ हे बोलणाऱ्यासाठीं उत्तम गुण. आतां असें दिसतें कीं, जो येतो त्याला एकोणसाठच मिळतात. आणि लागलीच 'आपलें नांव पुन्हां सांगा, नीट ऐकूं आलें नाहीं' असें म्हटलें जातें! न वाचतां पेपर तपासणाऱ्या परीक्षकाचाच हा प्रकार. समोरचा माणूस नवी तार टांगून, ती कशी चालते हें पाहण्यासाठीं बोलत असतो; त्याला खोटे गुण देऊन त्याचा प्रयोगच फुकट जातो. गुण कमी पडले तरी बिघडत नाहीं, खरे असावेत.

संभाषण संपलें, शुभेच्छांचे 'सेव्हंटी-थ्री' झाले, कीं लहर कोणाची, हाहि प्रश्न उरतो. ज्यानें प्रथम हांक मारून जागा धरली होती त्याची ती. उत्तर देणारा हा पाहुणा, त्यानें उठून दुसरीकडे जावें. मात्र यजमानानेंहि लगेच पुढची हांक मारूं नये. दहा सेकंद थांबावें, कारण कोपऱ्यांत एखादा नवखा, नुकताच परवाना मिळालेला, पांच वॅटचा सेट घेऊन, मोठे लोक उठण्याची वाट पाहत बसलेला असतो.